चार जुनेरांची वाकळ

आजीची ट्रंक उघडली तेव्हा आधी डांबरगोळ्यांचा वास आला आणि त्यामागून जुन्या सुती कापडाचा. २०२४च्या दिवाळीनंतर गावच्या घराची कौलं उतरवायची होती, म्हणून माळ्यावरचं सगळं सामान ओसरीवर काढलं होतं. ट्रंकेत पितळी डबे, एक फुटकी फणेरपेटी आणि तळाशी चार लुगडी. दोन इरकली, एक चंद्रकळा, आणि एक इतकं विटलेलं की मूळ रंग कोणता ते काठाची घडी उलगडून पाहिल्यावर कळलं. फिकट जांभळा होता तो.

वहिनीने कापड दोन बोटांत धरून उजेडाला लावलं. "वन्सं, पुसायला छान होतील ही. पाणी चांगलं ओढतील."

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या घरात लुगड्याची वाट ठरलेली असे. आधी नेसायचं, विरलं की पोराचं दुपटं, मग फडकं, मग पोतेरं. पण आजीला जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि तिच्या अंगावरचं म्हणावं असं घरात दुसरं काही उरलं नव्हतं. मी चारही लुगडी पिशवीत भरली आणि पुण्याला घेऊन आले.

मला शिवणाचा नाद आहे. दिवसभर एका सी.ए.च्या ऑफिसात हिशेब लिहिते आणि संध्याकाळी कोथरूडच्या घरी मशीन उघडून बसते. गेल्या बारा वर्षांत पिशव्या, बटवे, उशांचे अभ्रे, भाचरांची झबली असं पुष्कळ शिवून झालं. गोधडी मात्र एकदाच केली होती आणि ती फसली होती. लक्ष्मी रस्त्यावरून सहा रंगांचं कोरं सुती कापड आणलं, मध्ये पॉलिस्टरचं फायबर घातलं, खाली पॉपलिनचं अस्तर लावलं आणि मशीनवर उभ्या रेषा मारल्या. दिसायला देखणी झाली. पण अंगावर घेतली की बिलगायची नाही, पुठ्ठ्यासारखी उभी राहायची. दोन धुण्यांत फायबरचे गोळे झाले. वरचं कापड आणि अस्तर सारखं आटलं नाही, त्यामुळे प्रत्येक शिवणीजवळ चुण्या आल्या. कोरं कापड आधी भिजवून घ्यायला हवं होतं, हे तेव्हाच कळलं. बाकीचं आत्याने दाखवलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, कोरेगाव तालुक्यात राहते. तिच्या तोंडी गोधडी हा शब्द नाही, ती वाकळ म्हणते. डिसेंबरातल्या एका शनिवारी स्वारगेटहून साताऱ्याची एस.टी. धरली, पुढे दुसरी गाडी, आणि जेवायच्या वेळेला तिच्या दारात उभी राहिले. एका पिशवीत आजीची लुगडी, दुसरीत ती फसलेली गोधडी.

तिने गोधडी मुठीत चुरगाळून सोडून दिली. "आगं, कापाड अजून खळीतनं भाईर आलं न्हाई. आन् ह्या कापसात वारंच शिरत न्हाई, घाम कुठनं जाईल?" एवढं बोलून तिने ती बाजूला ठेवली ती ठेवलीच. मग आजीची लुगडी अंगणातल्या बाजेवर पसरायला घेतली.

पुढचा तासभर मी नुसती ऐकत होते. मला जे सरसकट जीर्ण दिसत होतं त्यात तिला जागा दिसत होत्या. नऊवारी नेसलं की कासोटा पायांतून मागे जातो, बसता-उठता सगळा भार तिथे येतो, म्हणून लुगडं नेहमी मधेच विरतं. पदराची बाजू डोक्यावरून घेतलेली असते. ती उन्हाने विटते, पण कापड दणकट राहतं. घोट्याशी काठ घासतो, खालच्या काठाचा दोरा आधी तुटतो, वरच्या काठाला काही होत नाही. एका इरकलीवर मांडीच्या उंचीला बोटाएवढी छिद्रं होती. चुलीसमोर बसून भाकरी थापताना उडालेल्या ठिणग्यांची. आत्याने त्यांवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "हितलं ठिगळासाठी घिऊ नको. काठाकडलं घे."

जांभळ्या लुगड्यात बरोबर मधोमध एक आडवी शिवण होती. "ह्यो दंड. आईच्या हातचा हाय." लुगडं मधे विरलं की तेवढा भाग काढून टाकायचा आणि चांगले तुकडे पुन्हा जोडायचे, याला दंड घालणं म्हणतात. शब्द मी लहानपणापासून ऐकला होता, पण दंड माझ्या बोटाखाली पहिल्यांदाच आला. इंचाला दहा-बारा टाके असतील. दोन्ही बाजूंनी मुडपलेली शिवण इतकी सपाट होती की डोळे मिटून हात फिरवला तर सापडली नसती. आजीला मी शिवताना कधी पाहिलं नाही. माझ्या आठवणीत तिचे डोळे अधू झालेले होते आणि सुई ओवायला ती आम्हां पोरांना हाक मारायची.

आत्याकडे दोन दिवस राहिले. पहिल्या रात्री आमचं एका गोष्टीवर पटेना. माझ्या डोक्यात होतं की वरचे चौकोन आधी मशीनवर जोडून अखंड तुकडा करायचा, मग खालचे थर लावून हाताने टाके घालायचे. काम आखीव होतं, चौकोन कोपऱ्याला कोपरा जुळतात. आत्याला ते मुळीच मान्य नव्हतं. तिच्या पद्धतीत आधी खालचे थर जमिनीवर अंथरून कडेने टाचायचे. मग एका कोपऱ्यातून सुरुवात करायची. ठिगळ थेट थरांवर ठेवायचं, कडा आत मुडपायची आणि धावदोरा घालत पुढे जायचं. पुढचं ठिगळ आधीच्या ठिगळाची उघडी कड झाकतं. असं कडेकडेने फिरत फिरत मधे यायचं. "येकाच दोऱ्यात ठिगळबी बसतंय आन् वाकळबी. तू दोनदा कशापायी शिवतीस?"

मी तिच्या पद्धतीने एक हातभर तुकडा करून पाहिला आणि माझा हट्ट सोडला. मशीनवर जोडलेल्या चौकोनांना मागून शिवणींची जाड रेघ येते. चार थरांच्या गोधडीत ती पाठीला टोचते. जुनं कापड तर त्या शिवणीच्या कडेलाच फाटायला लागतं, कारण सगळा ताण एका रेषेवर येतो. आत्याच्या वाकळीत ताण कुठे एका जागी साठतच नाही. हजारो टाके तो थोडा थोडा वाटून घेतात. एरवी हात लावला तरी फाटेल असं कापड त्यात आणखी पंधरा-वीस वर्षं टिकतं. तिच्या घरात तशा वाकळी आहेत, त्यांवर मी झोपले.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तीही अशीच कडेकडून आत जाते. त्यांच्या कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर छोटी त्रिकोणी ठिगळं असतात, त्यांना फुला म्हणतात. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, लाव की मग तूबी. म्हणून माझ्या गोधडीला चार फुला आहेत, दुसऱ्या इरकलीच्या लाल पदराच्या.

आता हिशेब. तो माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे कापडाला कात्री लावायच्या आधी वही उघडली. जांभळं लुगडं दंड घालून साडेसात वारांचं उरलं होतं, म्हणजे २७० इंच. पन्हा ४८ इंच. त्याचे ६६ इंचांचे चार तुकडे झाले आणि सहा इंच उरले. दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की ६६ बाय साधारण ९४ इंचांचा एक थर, असे दोन थर. कडा मुडपून, कमीजास्त कापून तयार गोधडी ६४ बाय ९० ची. आजीचा दंड तिसऱ्या तुकड्याच्या कडेपासून तीन इंच आत आला. तो शाबूत राहिला याचं मला फार समाधान वाटलं. कात्री चालवताना माझा हात त्याच भीतीने जड झाला होता. पाठीला निळी इरकल. वरच्या ठिगळांना चंद्रकळा, दुसरी इरकल, आईच्या दोन व्हॉइलच्या साड्या, बाबांचा चौकड्यांचा शर्ट आणि लेकीचा तिसरीतला फ्रॉक. सगळे मिळून चार थर.

सामानासाठी रविवार पेठेत गेले. पूर्वी तिकडे जायचं म्हणजे गाडी कुठे लावायची या विचारानेच निम्मा उत्साह संपायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं भुयारी मेट्रो स्थानक सुरू झालं आणि माझी ही वारी सोपी झाली. आनंदनगरला बसायचं, जिल्हा न्यायालयाला बदलायचं आणि मंडईला वर यायचं. वर आलं की तुळशीबाग, तिथून गर्दीतून वाट काढत रविवार पेठ. लेस, बटणं, दोरे, अस्तरं, सगळं तिथे घाऊक भावात मिळतं, आणि दुपारी बाराच्या आत गेलं तर दुकानदाराला बोलायलाही सवड असते.

दोऱ्याच्या दुकानात मी चकचकीत पॉलिस्टरचं रीळ उचललं होतं. दुकानदार काकांनी विचारलं, "कशाला हवाय?" जुन्या लुगड्यांची गोधडी म्हटल्यावर त्यांनी ते रीळ माझ्या हातातून घेऊन परत ठेवलं. दोन्ही दोरे माझ्यासमोर ताणून दाखवले. सुती तुटला, पॉलिस्टर बोटात रुतला. "हा कापडापेक्षा बळकट आहे. ताण आला की हा तुटणार नाही, कापड कापेल. जुन्या कापडाला दोरा त्याच्यापेक्षा नरम पाहिजे. तुटला तर दोरा तुटू दे, तो पुन्हा घालता येतो." असं कुणी इतक्या नेमकेपणाने मला आधी सांगितलं नव्हतं. मी जाड सुती दोऱ्याची पांढरी रिळं घेतली, सुयांचं एक पाकीट घेतलं (सुईचा नंबर वाढत जातो तशी सुई बारीक होते, मला मोठ्या नेढ्याची, मधल्या जाडीची हवी होती), एक अंगुस्तान आणि मधमाश्यांच्या मेणाचा लहानसा गोळा. मेणावरून दोरा ओढून घेतला की तो पिळा खात नाही आणि गाठी बसत नाहीत. दोरा नेहमी दोन हातांपेक्षा लांब घेऊ नये. लांब घेतला की ओवायचे कष्ट वाचतील असं वाटतं, आणि निम्मा वेळ गुंता सोडवण्यात जातो.

आईच्या साड्यांपैकी एक सुती आहे की मिश्र, याची शंका होती. काठाचा एक दोरा उसवून चिमट्यात धरून जाळला. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच, आणि बोटाला करडी राख लागते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक मणी होतो. रेशीम जळलं तर केस जळल्याचा वास येतो. त्या दोऱ्याला मणी झाला. साडी सुंदर होती, लिंबाच्या पानाच्या रंगाची, पण ती बाजूला ठेवली.

संक्रांतीच्या दिवशी पहिलं ठिगळ लावलं. मुद्दाम तो दिवस धरला, कारण चंद्रकळा काळी, आणि आजी ती संक्रांतीलाच नेसायची. हलव्याच्या दागिन्यांसकट पाच वर्षांच्या मला मांडीवर घेऊन ती त्या काळ्या लुगड्यात बसलेली आहे असा एक फोटो घरी आहे. चंद्रकळेचा पहिला तुकडा मी डाव्या कोपऱ्यात लावला आणि तिथून निघाले.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कडेची तीन आवर्तनं झाली. हात बसला होता, ठिगळं मनासारखी पडत होती. मग एका रविवारी चहाचा थेंब सांडला म्हणून तेवढी जागा ओल्या फडक्याने पुसली, आणि लाल पदराच्या ठिगळाभोवती गुलाबी वर्तुळ पसरलं. बाबांच्या शर्टाचे पांढरे चौकडे गुलाबी झाले. शेजारचं व्हॉइल गुलाबी झालं. लगेच बर्फाचं पाणी, साबण, मीठ, सुचेल ते केलं. थोडं उतरलं, उरलेलं बसलं ते बसलंच.

आत्याने निघताना बजावलं होतं, प्रत्येक कापड वेगळ्या बादलीत रात्रभर भिजव आणि सकाळी पाणी बघ. बाकी सगळी लुगडी मी भिजवली होती. लाल पदर मात्र इतका जुना, इतक्या वेळा धुतलेला, याचा रंग आता काय जाणार, असं मनाशी धरलं. तो पदर आजीने ठेवणीतला म्हणून फारसा धुतलाच नसणार, हे मला सुचलं नाही. त्या इरकलीचे काठ अजून कडक होते, त्यावरूनच कळायला हवं होतं.

नऊ ठिगळं आणि एक फुला उसवली. उसवताना दोरा कापून काढावा लागतो. ओढला तर विरलेलं कापड त्याच्याबरोबर येतं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. लाल पदराचे उरलेले तुकडे सहा पाण्यांतून काढले. प्रत्येक वेळी ओला तुकडा पांढऱ्या रुमालात दाबून कोमट इस्त्री फिरवायची आणि रुमाल बघायचा. सहाव्या पाण्याला रुमाल स्वच्छ राहिला. बाबांच्या शर्टाचं एक ठिगळ गुलाबीच राहिलं आहे. बदलायला दुसरा शर्ट होता, पण बाबा म्हणाले राहू दे, आईच्या लुगड्याचाच रंग आहे ना. मग राहू दिलं.

मार्चपासून ऊन वाढलं आणि घरात चार थर मांडीवर घेऊन बसवेना. तयार होत आलेली गोधडी फार जड नव्हती, पावणेदोन किलोच्या आसपास, गुंडाळी करून मोठ्या पिशवीत मावायची. म्हणून मी ती बाहेर न्यायला लागले. आधी संकोच वाटला होता. पण लेकीचा क्लास दीड तास चालायचा आणि परत घरी येऊन जाण्यात अर्थ नसे, तेव्हा क्लासबाहेरच्या पारावर बसून पहिल्यांदा पिशवी उघडली. त्यानंतर ती पिशवी माझ्याबरोबर सगळीकडे हिंडली. सासूबाईंच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, रविवारी सकाळी सारसबागेत, एकदा तर पानशेतच्या सहलीला.

सारसबागेत तळ्यातल्या गणपतीचं दर्शन घेऊन एका झाडाखाली बसले होते. भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चाललेल्या एक बाई थांबल्या, माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिल्या आणि न विचारता शेजारी बसल्या. म्हणाल्या, "असं एकेक टोचत बसलात तर वर्ष जाईल. आणा इकडं." त्यांनी सुई स्थिर धरली आणि डाव्या हाताने खालून कापड वर-खाली हलवत एका दमात पाच टाके सुईवर गोळा केले, मग सुई ओढली. पाचही टाके सारखे. मी सुई हलवत होते, त्या कापड हलवत होत्या. एवढाच फरक. त्यांनी मला तीन वेळा करायला लावलं, चौथ्यांदा बरोबर जमल्यावर पिशव्या उचलून गेल्या. नावही विचारायचं राहिलं. त्या दिवसापासून माझा वेग जवळजवळ दुप्पट झाला आणि मनगट दुखायचं थांबलं.

दवाखान्यात एक आजोबा नंबर यायची वाट पाहत होते. एका डोळ्यावर पट्टी होती. बराच वेळ झाल्यावर म्हणाले, हात लावून बघू का? त्यांनी गोधडीची कड अंगठा आणि बोटांत धरून थर मोजले, बरोबर चार सांगितले. मग सांगू लागले की शिकायला पुण्यात आले तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि आईच्या लुगड्यांची गोधडी एवढंच सामान होतं. खोलीवरचे तिघे मित्र, तिघांच्या तीन गोधड्या. पुढे नोकरी लागल्यावर गादी घेतली आणि ती गोधडी कुणाला तरी देऊन टाकली. "कुणाला दिली तेही आठवत नाही," असं दोनदा म्हणाले. आत बोलावणं आलं तेव्हा कड हळूच खाली ठेवून गेले.

अशी माणसं जवळजवळ रोज भेटली. विणकाम घेऊन बसलं तर कुणी थांबत नाही, हे मी पाहिलं आहे. गोधडी दिसली की लोक थांबतात, आणि प्रत्येकजण आपल्या घरातल्या एका गोधडीबद्दल सांगतो. त्यात आईच्या किंवा आजीच्या कुठल्या तरी लुगड्याचा रंग असतोच. मी बोलायला लागले की टाके वाकडे पडायचे. मागून पाहिलं तर कुठल्या ओळीला गप्पा रंगल्या होत्या ते मला आजही दाखवता येईल.

एप्रिलच्या सुट्टीत लेकीला घेऊन राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. काकासाहेब केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या राजाच्या आठवणीखातर उभं केलेलं. दिवे, अडकित्ते, वज्री, कुलपं, सगळ्या घरातल्या, हाताळून गुळगुळीत झालेल्या वस्तू. लेक म्हणाली, "आई, आपली गोधडी इथे ठेवतील?" मी म्हटलं, आपली पांघरायची आहे. ती पिशवी मात्र त्या दिवशी घरीच होती. संग्रहालयात सुई नेऊ नये एवढं मला कळत होतं.

ओळींमध्ये साधारण पाऊण इंच अंतर ठेवलं होतं. त्या हिशेबाने एकूण धावदोरा सुमारे १९५ मीटर होतो, इंचाला चार टाके धरले तर तीस हजारांवर टाके. वहीत रोजचा वेळ लिहीत होते. एकूण १२४ तास. उसवायचे तास वेगळे.

शेवटी मधे वीतभर जागा उरली तेव्हा आत्याला फोन केला. ती म्हणाली, पोट रिकामं ठिवू नको. हळदकुंकू आणि पाच गहू घाल. कुंकवाचं नाव ऐकून माझ्या पोटात गोळा आला, लाल पदराची ती दुपार आठवली. तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, मग नुसते गहू घाल, पण भाजून घाल, न्हाईतर धुताना मोड येत्याल. अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, तव्यावर पाच गहू भाजले, गार केले, आईने ते आपल्या हाताने थरांच्या मधे ठेवले आणि मी शेवटचं ठिगळ बसवलं. ते दुसऱ्या इरकलीच्या काठाचं आहे.

मग पहिलं धुणं. ते व्हायलाच हवं. पाण्यात कापड आणि दोरा जरा जरा आटतात, दोन ओळींमधला भाग किंचित फुगतो आणि सगळीकडे बारीक सुरकुत्या उमटतात. त्या आल्याशिवाय गोधडी गोधडी दिसत नाही. पण २०२५ साली मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. ओली गोधडी उचलायला दोघीजणी लागलो, आणि गच्चीवर टाकली की आभाळ भरून यायचं. शेवटी दोन खुर्च्यांवर पंख्याखाली पसरली. तीन दिवस लागले. लाल रंग कुठेही पसरला नाही. मी दर दोन तासांनी जाऊन पाहत होते.

जूनमध्ये ती घेऊन आत्याकडे गेले. तिने वरची बाजू पाहिलीच नाही. आधी उलटी केली. निळ्या इरकलीवर तळहात फिरवत कडेकडेने गेली, एका जागी थांबली, नखाने टाका उचलून पाहिला. "हितं दोरा संपला व्हता व्हय?" संपला होता. सारसबागेतलीच ती जागा. तिने दोन्ही हातांनी तिथे ताण देऊन पाहिला, काही सुटलं नाही, तेव्हा पुढे गेली. मग दंड शोधायला लागली. तो आतल्या थरात होता, दिसणार नव्हता, पण मी आठवणीसाठी त्या रेषेवर पाठीकडून पिवळ्या दोऱ्याचे चार टाके घातले होते. ते तिला सापडले. काही बोलली नाही, बोट तिथेच ठेवून बसली.

जेवणं झाल्यावर तिने ओसरीवर चटई टाकली आणि वर गोधडी अंथरली. आडवी व्हायला वाकली आणि थांबली. चंद्रकळेचं पहिलं ठिगळ पायथ्याशी आलं होतं.

"आगं, आईच्या लुगड्याकडं पाय व्हत्यात," ती म्हणाली. "धर त्या बाजूनं."

आम्ही दोघींनी गोधडीची दोन-दोन टोकं धरली, फिरवली आणि काळा कोपरा उशाकडे आणला.